जहाज काठाला लागेपर्यंत

मला सिनेमाचं वेड होतं आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. आमच्या देऊळगाव राजात बालाजीच्या यात्रेच्या दिवसांत सरकीच्या जुन्या गोदामात पडदा लावायचे. दुपारी फक्त बायकांसाठी खेळ असायचा, त्याला जनाना खेळ म्हणायचे. पत्र्याच्या फटींवर पोती टाकलेली, खाली जाजम आणि लेकुरवाळ्यांचा नुसता कलकलाट.

त्या वर्षी जहाजांचा सिनेमा आला. जुन्या काळचा एक दर्यावर्दी सरदार, त्याचं शिडांचं जहाज, मागे लागलेले फिरंगी, तोफा, वादळं. मी शेजारणीबरोबर पाहून आले आणि पार येडी झाले. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, फार तर नदीचा डोह. एवढं पाणी आणि त्याला पलीकडचा काठच नाही, हे काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी सरदार फिरंग्यांना अडवायला स्वतःच्याच जहाजाला आग लावतो आणि जहाजासकट बुडतो. मी ढसाढसा रडले. रडून इतकं बरं वाटलं की उद्या पुन्हा जायचं, हे ठरवूनच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीबी गावाहून आत्या आली. आत्याचा नवरा लवकर गेला. एकुलता एक लेक, माझा दादा, मुंबईला जाऊन मालाच्या जहाजावर खलाशी झाला होता. महिन्याला त्याचं पत्र यायचं. तीन महिने झाले, पत्र नव्हतं. आत्या बालाजीला साकडं घालायला आली होती. आईनं मला चुलीपाशी बोलावून बजावलं, दादाचा विषय काढू नको. पण माझ्या तोंडाला कुलूप कधी होतं?

"आत्या, चाल, तुले समुद्र दाखवतो," मी म्हटलं. "दादा राह्यते तो समुद्र."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता शिव्या देते. पण ती म्हणाली, "खरंच दिसते काय वं?" आणि उठून लुगडं नीट करायला लागली.

इथं आत्याची एक खोड सांगितली पाहिजे. ती प्रत्येक गोष्टीचा कौल लावायची. पदराच्या टोकाला चिमूटभर ज्वारी बांधलेली असायची. गाय व्यायची असो की पावसाचं असो, गाठ सोडायची, दाणे तळहातावर घ्यायचे आणि जोड्या लावायच्या. सगळ्यांना जोडी मिळाली तर देवाचं हो. एक दाणा उरला तर नाही. आम्ही तिला चिडवायचो, पण तिच्या माघारी.

गोदामात आम्ही पुढेच जागा धरली. दिवे गेले आणि पडद्यावर पाणी आलं. आत्यानं श्वासच रोखला. लाटा नुसत्या उसळत होत्या. सगळ्या बाया "मायवं!" करून मागे सरकल्या. फिरंगी दिसला की शिव्या आणि सरदार दिसला की टाळ्या. माझ्यापुढे एका बाईनं पोरगं उभं केलं होतं. मी त्याला खाली ओढलं आणि त्या बाईशी भांडलेही. मजा येत होती. मला सगळं आधीच माहीत होतं, त्यामुळे जास्तच मजा येत होती.

मग लक्ष गेलं. आत्याचे ओठ हलत होते. दोन्ही मुठींत पदराची ती गाठ गच्च धरलेली.

"काय पुटपुटून राह्यली?" मी विचारलं.

"कौल लावला," ती पडद्यावरची नजर न हलवता बोलली. "बालाजीच्या यात्रेत दिसून राह्यलं, म्हणजे त्यानंच दाखोलं. हे जहाज काठाले लागलं, तर माह्या लेकाचं बरं आहे. नाही लागलं तर..."

बाप्पा! हे काय करून बसली ही? अन् हिला इथं आणलं कुणी? मीच ना शहाणीनं! ते जहाज शेवटी जळणार होतं. मी काल माझ्या डोळ्यांनी त्याला बुडताना पाहिलं होतं.

"आत्या, मले मळमळते. घरी जाऊ."

"तू जाय. जहाज काठाले लागल्याशिवाय मी उठत नाही."

"सिनेमा आहे वं तो! खोटा आहे!"

"हो काय? मंग काल रडली काऊन? तुही माय सांगत होती."

मी डोकं खाजवायला लागले. काल काय काय झालं होतं, ते आठवायला लागले. आधी वादळ, डोलकाठी मोडते, सरदाराचा भाऊ पाण्यात पडतो. मग... मग जहाज एका बेटाला लागतं! माणसं वाळूवर उतरतात, देवाला नारळ फोडतात, आणि तिथंच मध्यंतर होतं. आत्याला अक्षरओळख नव्हती. दादाची पत्रं तिला शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे.

वादळ सुरू झालं. डोलकाठी कडाडून मोडली, आणि त्याच घडीला रीळ तुटलं. सगळा अंधार. बाया ओरडायला लागल्या, पोरं रडायला लागली. आत्यानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. "गेलं काय वं? गेलं?" तिचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. नवरा गेला तेव्हासुद्धा ती डगमगली नव्हती, असं आई म्हणायची.

"नाही गेलं. यंत्र बिघडलं. थांब थोडी." पण आता नेमका बेटाचाच भाग जळून गेला असला तर? जोडताना तेवढाच कापून टाकला तर? आयुष्यात पहिल्यांदा मी सिनेमा पाहताना बालाजीचा धावा केला.

पडदा पुन्हा उजळला. पाणी, पाणी, आणि मग दूरवर झाडांची रेघ. जहाज कण्हत कण्हत बेटाला लागलं. सरदार वाळूत गुडघे टेकून बसला. दिवे लागले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'मध्यंतर' आलं.

मी ते मोठ्यानं वाचलं, "समाप्त! झालं आत्या. लागलं काठाले. चाल."

आत्यानं डोळे पुसले. मग इकडेतिकडे पाहिलं. "ह्या बाया काऊन नाही उठून राह्यल्या?"

"त्यायले अजून एक खेळ पाहाचा आहे. हावऱ्या मेल्या!"

दारावरच्या माणसानं परत आत यायचा पास माझ्या हातात कोंबला, तो मी मुठीत चुरगाळला. आम्ही रस्ता ओलांडून देवळाकडे वळलो तेवढ्यात गोदामातून तोफांचे आवाज सुरू झाले. मी मोठमोठ्यानं बोलायला लागले, लाह्यांचं, बांगड्यांचं, काहीबाही. आत्या चालत राहिली. देवळात ती पायरीवर बसली आणि मला चपलांपाशी थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं आली. तोंड धुतलेलं होतं.

बारा दिवस मी धड जेवले नाही. खोटा कौल दिला, आता दादाचं काही झालं तर ते माझ्याच माथी, असं वाटायचं. तेराव्या दिवशी बीबीहून निरोप आला. पत्र आलं होतं. दादाचं जहाज कुठल्याशा परदेशी बंदरात दुरुस्तीला अडकून पडलं होतं आणि तो मजेत होता. मी न्हाणीत जाऊन रडले.

पुढच्या उन्हाळ्यात दादा सुट्टीवर आला. आम्ही भेटायला बीबीला गेलो. तो ओसरीवर भाकरी खात होता, आत्या त्याला वाढत होती. वाढता वाढता तिनं मला विचारलं, "आता तरी सांग वं. ते जहाज बुडलं ना?"

"तुले माहीत होतं?"

"तोफा मले ऐकू येत नाही काय? मी आंधळी नाही, बहिरी नाही. वाचता येत नाही, एवढंच."

"मंग कौल?"

आत्यानं आधी दादाच्या ताटात डाळ वाढली. "देवळात दाणे मोजले. दोनदा मोजले. एक दाणा उरला."

"मंग?"

"खाल्ला," आत्या म्हणाली. "लेकासाठी देवाशी खोटं बोलाचं, अन् ते एकट्या तुह्यावर सोडू काय?"

दादा आमच्याकडे पाहत होता, त्याला काहीच कळत नव्हतं. त्यानं अजून एक भाकर मागितली आणि आत्या ती आणायला आत गेली.