त्याला पाणी लागलंच नव्हतं

मी आखाडा बाळापूरचा. घरी हळद-सोयाबीनची शेती, समुद्र पार लांब, तरी बारा वर्षं झाली, मी मालवाहू जहाजांवर खलाशी आहे. गावात कुणी विचारलं तर मी म्हणतो, जहाजावर असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा जहाज चालवतो. मी गंज ठोकतो, रंग मारतो, डेक धुतो आणि बंदराला लागताना मनगटाएवढे जाड दोरखंड ओढतो.

काही वर्षांमागं लाकडाचे ओंडके नेणाऱ्या एका जहाजावर मला काम लागलं. पहिल्याच दिवशी, परदेशातल्या बंदरात, बॅगा घेऊन शिडी चढताना मागून आवाज आला, "काहून धकलून राहिला, भाऊ?"

माझी बॅग त्याला लागली होती. परमुलखात आपल्या भागाची बोली ऐकून मी सॉरी म्हणायचंही विसरलो. तो हट्टा गावचा निघाला, आमच्याच जिल्ह्यातला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, वडील कालव्यावर पाटकरी. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, ते त्याचे वडील बघायचे. सात महिने आम्ही एका केबिनमध्ये राहिलो. त्याच्या आईनं दिलेलं येसर, म्हणजे आमटीचं मसाल्याचं पीठ, तो चमच्या-चमच्यानं पुरवून खायचा आणि मला मात्र वाटीभर द्यायचा.

ती गोष्ट सकाळी दहाच्या सुमाराची. जहाज नांगरावर उभं होतं, ऊन स्वच्छ, समुद्र एकदम शांत. घाबरावं असं काही नव्हतंच. सारंग, म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम, आला आणि म्हणाला, "तीन नंबरच्या होल्डमध्ये पाणी साचलंय का, बघून ये. मोठ्या साहेबांना लगेच पाहिजे." मोठे साहेब म्हणजे डेकवरचे मुख्य अधिकारी, आणि होल्ड म्हणजे जहाजाचं पोट, जिथं माल भरतात. आमच्या होल्डमध्ये ओले ओंडके भरून वरून झाकण बंद केल्याला अठरा दिवस झाले होते. आत जायला डेकवर एक लहान झाकण होतं, खाली लोखंडी शिडी.

आम्ही दोघांनी झाकण उघडलं. आतून ओल्या लाकडाचा वास आला, चांगला वास. तो आधी उतरला. मी वरून बॅटरी धरली. सात-आठ पायऱ्या गेला असेल. मग थांबला. मी विचारलं, "काय झालं?" त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि त्याचे हात शिडीवरून सुटले. ओरडला नाही. काही धरायला गेला नाही. खाली ओंडक्यांवर पडल्याचा आवाज तेवढा आला.

माझा एक पाय आत गेलासुद्धा होता. डोक्यात एकच, पाय घसरला, त्याला उचलायचं. तेवढ्यात कुणीतरी मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि मला डेकवर आपटलं. तो आमचा स्वयंपाकी होता, बाजूनं जात होता. मी त्याला लाथा घातल्या, शिव्या दिल्या. तो माझ्या छातीवर बसून एकच सांगत होता, "हवा नहीं है अंदर. तू भी मरेगा." त्यानं आधीच्या एका जहाजावर एकामागं एक तीन माणसं अशीच गेलेली पाहिली होती.

पाठीवर हवेच्या टाक्या बांधून दोघं खाली उतरेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्याला वर आणलं तेव्हा डोक्याला थोडं खरचटलं होतं, बाकी अंगावर काही नाही. कपडे कोरडे. ओलं लाकूड बंद जागेत हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी कितीतरी वेळ त्याचे बूट हातात धरून बसलो होतो. ते कधी काढले, कुणी काढले, आजही आठवत नाही.

त्याचा देह हट्ट्याला पोचला तेव्हा मी जहाजावरच होतो. अडीच महिन्यांनी घरी आलो आणि चौथ्या दिवशी मोटारसायकल काढली.

हळदीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हळद शिजत होती. घरी त्याचे वडील, आई आणि माहेरी आलेली बहीण. मी कोण ते सांगितलं तशी आईनं हात धरून अंगणात बाजेवर बसवलं. पाणी दिलं. मग विचारलं, "लई वेळ पोहला का रं तो?"

मला काही कळेना.

वडील म्हणाले, "मी त्याला कालव्यात पोहाया शिकवलं. भरल्या कालव्यात उलटा पोहायचा तो. त्यो बुडलाच कसा, एवढंच सांग."

कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं. कुणीतरी वाचून सांगितलं होतं की जहाजावर अपघात झाला, आणि घरानं समजून घेतलं होतं की समुद्रात पडला. अडीच महिने हे दोघं त्याला रोज पाण्यात बघत होते.

"काका," मी म्हणालो, "त्याला पाणी लागलंच न्हाई."

मी सगळं सांगितलं. शिडी, झाकण, हवा. बहीण दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मंग तू काहून न्हाई उतरला?"

अंगणात शेजारचे एक म्हातारे बाबा बसले होते, जन्मभर विहिरी खोदलेले. तेच बोलले. "उतरला असता तर दोन मढे आले असते, पोरी. जुन्या विहिरीत असंच व्हते. आमी आदी दिवा सोडतो खाली. दिवा इझला की उतरायचं न्हाई." मग माझ्याकडं वळून साधेपणानं विचारलं, "तुमच्या एवढ्या मोठ्या जहाजावर तपासायला काईच नव्हतं का?"

होतं. हवा मोजायचं यंत्र होतं. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, कपाटात, डबीत. ते आणायचं, मोजायचं, कागदावर सही करायची आणि मगच माणूस आत सोडायचा, असा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. अर्धा तास लागला असता. हे मला सात महिने माहीत होतं. त्या सकाळीही माहीत होतं, आणि मी यंत्राचं नाव काढलं नाही. हे मी त्या अंगणात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो.

वडील उठून आत गेले. मला वाटलं, आता हाकलतील. ते पत्र घेऊन आले. पुढं धरलं. "यात काय लिव्हलंय ते बराबर वाच."

मोडकंतोडकं इंग्रजी मलाही येतं. लिहिलं होतं की खलाशी परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीनं आत गेला. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. सारंग माझ्यासमोर उभा राहून सांगत होता, आणि इथं लिहिलं होतं, स्वतःच्या मर्जीनं.

"हे खोटं हाय," मी म्हणालो.

"मंग खरं लिहून दे."

मी तिथंच वहीच्या चार पानांवर लिहून दिलं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, यंत्र कुठं होतं, मी काय बोललो नाही तेही. आई शेजारी बसून होती. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पान झालं की ती उचलून नीट ठेवत होती.

ती पानं वकिलामार्फत कंपनीकडं गेली. मला काम देणाऱ्या एजंटाचा फोन आला, "कशाला नडतोस?" मग फोनच यायचे बंद झाले. सव्वा वर्ष मी भावाबरोबर हळद-सोयाबीन केलं. शेवटी कंपनीचं दुसरं पत्र आलं. त्याला आत जायचा हुकूम दिला होता आणि हवा तपासली नव्हती, एवढं त्यांनी मान्य केलं. माफी कुठंच नव्हती. मी ते हट्ट्याला वाचून दाखवलं तेव्हा बहीण पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. चहा ठेवते म्हणाली.

पुढं दुसऱ्या एजंटाकडून जहाज मिळालं. मी जाऊ नये असं घरी सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही थोडं. पण मला दुसरं काम येत नाही. वसमतच्या स्टेशनवर त्याचे वडील आले होते, न सांगता. बाकावर शेजारी बसले. मग म्हणाले, "आत उतर म्हणले तर?"

"आधी हवा मोजा म्हणीन."

"कसं म्हणशील? म्हणून दाखव."

मी म्हणालो.

"असं न्हाई. मोठ्यानं. आमचा हळू बोलायचा. लोकाला ऐकूच जायचं न्हाई."

फलाटावर दहा-बारा माणसं होती. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आधी हवा मोजा." सगळे वळून बघायला लागले. काकांनी मान हलवली आणि माझी बॅग उचलून गाडीच्या दिशेनं चालू लागले.