ओ. ग. यांचा शब्द

“तू मला छापू दिलंस,” ह्याल्मार म्हणाला. त्याचे केस अजून ओले होते आणि पोहण्याची पिशवी त्याने दारातच टाकली होती. “अख्खा लेख तुला वाचून दाखवला होता मी. याच टेबलाशी. आणि तू गप्प राहिलीस.”

“गप्प कुठे? ‘नक्की ना?’ असं विचारलं होतं मी,” त्याची बायको ओद्नी म्हणाली.

“‘नक्की ना’वरून माणसाला काय कळणार?”

“तू म्हणालास, शब्द ऐकताक्षणी कानाला हजार वर्षांचा वाटतो. त्यापुढे मी काय बोलायचं? मी मासा साफ करत होते.”

शब्द होता ‘कुलसोल’. कुल म्हणजे समुद्रावरून येणारी गार झुळूक, सोल म्हणजे सूर्य. उजेड देतो पण ऊब देत नाही, असा सूर्य. उत्तर आइसलँडमधल्या आकुरेरी गावातली पोरे तो शब्द माणसांना लावत. तोंडभर हसणारा आणि आतून थंडगार असलेला माणूस म्हणजे कुलसोल. ह्याल्मारने तो तलावावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर दोन मुलींच्या तोंडून ऐकला. भाषा मरत चालली आहे, असे गेली तीस वर्षे पेपरात लिहिणाऱ्या या माणसाला त्याने इतका आनंद झाला, की दोन दिवसांत लेख तयार. शार्क पकडायला जाणाऱ्या जुन्या होड्यांवर हा शब्द जन्मला असणार, उत्तरेच्या कुठल्यातरी खाडीत तो तग धरून राहिला आणि बघा, आजच्या लेकरांच्या तोंडी तो जसाच्या तसा पुन्हा आला, असे त्यात होते. लेख आज सकाळी छापून आला. आणि आजच सकाळी गरम पाण्याच्या कुंडात, गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या सात-आठ ओळखीच्या माणसांदेखत, शाळेच्या पोहण्याच्या तासाला आलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीने त्याला सांगितले, की तो शब्द ड्रॅगनच्या पुस्तकात आहे. चौथा भाग, पान दोनशे बारा.

“हसले का सगळे?” खिडकीशी बसलेल्या स्टेनुनने विचारले. ती ह्याल्मारची आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. कॉफीत क्लेना, म्हणजे तळलेला गोड पीळ, बुडवून खाणे हा तिचा सकाळचा तासाभराचा उद्योग.

“हसले नाहीत. तेच तर. सगळे एकदम हवामानावर बोलायला लागले.”

“मग आतून हसले,” स्टेनुन म्हणाली.

ह्याल्मार खुर्ची ओढून बसला. सदुसष्ट वर्षांचा, सरकारी महाविद्यालयात आइसलँडिक शिकवून निवृत्त झालेला, कवितांची तीन बारीक पुस्तके नावावर असलेला माणूस. त्या तीन पुस्तकांच्या मिळून जेवढ्या प्रती खपल्या असतील, तेवढ्या ड्रॅगनच्या एका भागाच्या नाताळच्या आदल्या शनिवारी खपत. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे.

एका परदेशी लेखिकेची ती मालिका आइसलँडिकमध्ये आणणारी ओद्नी होती. गेली अकरा वर्षे, सात भाग, एकेक सहाशे-सातशे पानांचा. प्रत्येक भागाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेले असे, ‘अनुवाद : ओ. ग.’ बस्स, एवढेच. ओ. ग. म्हणजे ओद्नी ग्रीम्सदोत्तिर (इथे आडनाव नसते, बापाच्या नावाला ‘दोत्तिर’, म्हणजे लेक, जोडतात), हे प्रकाशकाला आणि या घराला सोडून कुणाला ठाऊक नव्हते. पोरांना वाटे तो कुणी म्हातारा गृहस्थ असेल. ‘प्रिय ओ. ग. आजोबा,’ अशी पत्रे प्रकाशकामार्फत येत. ती बुटांच्या खोक्यात ठेवलेली होती.

आद्याक्षरांची कल्पना ह्याल्मारचीच. पहिला भाग हाती आला तेव्हा ओद्नी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काम करी, आणि पहाटे पाच ते सात एका डॅनिश कादंबरीचे भाषांतर करी. तीन खंडांची, एका सबंध खेड्याच्या ऱ्हासाची कादंबरी. बापाच्या मासेमारीच्या ट्रॉलरवर जुनी डॅनिश साप्ताहिके येत, त्यांतून ती भाषा तिने शिकली होती आणि त्या कादंबरीवर तिचा खरा जीव होता. “तुझं नाव लोकांनी पहिल्यांदा त्या पुस्तकावर पाहावं,” ह्याल्मार तेव्हा म्हणाला होता. “ड्रॅगन आधी आले, तर तू कायमची ड्रॅगनवाली होशील.” तो हे प्रेमाने म्हणाला होता आणि तिला ते पटलेही होते. डॅनिश कादंबरीचे दोन खंड पुरे होऊन आता कपाटात होते. तीन प्रकाशकांनी त्यांचे तोंडभरून कौतुक केले होते आणि परत पाठवले होते.

“मला एक सांग,” ह्याल्मार म्हणाला, “हे त्या बाईच्या मूळ पुस्तकात आहे का?”

“मूळ पुस्तकात चार शब्दांत सांगितलंय. मला एका शब्दात हवं होतं. नऊ दिवस लागले.”

“नऊ दिवस? एका शब्दाला?”

“तुझ्या कवितेला दोन वर्षं लागतात, तेव्हा मी विचारते का?”

तिची कामाची रीत घराला पाठ होती. पोस्टातून आणलेल्या वापरलेल्या पाकिटांच्या पाठी ती शब्द लिही आणि ती पाकिटे स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या चौकटीला चिकटवी. घरातली माणसे आठवडेच्या आठवडे त्या शब्दांखाली बसून बटाटे आणि हॅडॉक मासा खात, पण ह्याल्मार मान वर करून ते कधी वाचत नसे. एकेक शब्द पडत जाई, उरेल तो पुस्तकात. या देशात परका शब्द घरात घ्यायचा नाही, अशी रीत आहे. नवी वस्तू आली की जुन्याच दोन शब्दांची सोयरीक जुळवायची. संगणकालासुद्धा इथे आकडे आणि भविष्य सांगणारी बाई यांची गाठ मारून नाव दिलेले. त्यामुळे कालचा शब्दही कानाला पणजीच्या काळचा वाटतो. ह्याल्मारची चूक झाली ती इथेच. मात्र शार्कच्या होड्या त्याने पदरच्या घातल्या होत्या.

“म्हणजे तू शब्द चांगला केलास,” तो म्हणाला. “ते मी नाकारत नाही. मी लेखात त्याची स्तुतीच केलीय. पण शब्द चांगला म्हणून पुस्तक चांगलं होत नाही. सातशे पानं. एक बिनबापाची पोरगी, तिच्या कपाळी लिहिलेलं मोठं कार्य, एक काळा राजा. हे काय साहित्य झालं?”

“तू वाचलंयस का एक तरी?”

“वाचायला कशाला पाहिजे? माझ्या वर्गातली पोरं निबंधात तेच लिहीत होती.”

“तिसरा भाग वाईट आहे,” ओद्नी म्हणाली. “दोनशे पानं नुसती चालतात. घोडे, डोंगर, पुन्हा घोडे. आणि त्या बाईच्या दर प्रकरणात कुणाचं तरी काळीज धडधडायला लागतं. एका भागात एकेचाळीस वेळा. मी मोजलंय. मी त्यातली निम्मी थांबवली.”

“झालं तर मग.”

“काय झालं? तुमच्या यादीतल्या थोर कादंबऱ्यांत नुसती चालणारी पानं नाहीत? डॅनिश कादंबरीत एक अख्खं प्रकरण बीटाच्या शेतीवर आहे. तिथे तू म्हणतोस, लेखकाचा संयम.”

“चौथा भाग सगळ्यात चांगला,” स्टेनुन म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिले.

“आई, तू हे वाचतेस?”

“भिंगातून. दुपारी, तू झोपतोस तेव्हा. पाचव्यात त्या पोरीची आई मरते, ती दोन पानंपण बरी आहेत. उगाच रडारड नाही. बाई मरते आणि चुलीवर दूध असतं, ते उतू जातं, आणि पोरगी आधी दूध उतरवते. तसंच असतं ते. तुझा बाप गेला तेव्हा मी आधी इस्त्री बंद केली होती.”

ह्याल्मार उठला, बैठकीत गेला आणि खालच्या फळीवरून, जिथे पाहुण्यांना दिसणार नाहीत अशी ती पुस्तके ठेवलेली होती तिथून, चौथा भाग घेऊन आला. उभ्याउभ्याच त्याने पान दोनशे बारा काढले. ओद्नी सिंककडे वळली. अकरा वर्षांत त्याने तिचे काम कधी हातात धरले नव्हते, आणि आता तो वाचत असताना आपण कुठे पाहावे ते तिला कळेना. तिने बटाटे पाण्यात टाकले.

“इथे विशेषणं दोन जास्त आहेत,” तो म्हणाला.

“माहीत आहे. त्या बाईने चार घातली होती.”

तो पुढे वाचत राहिला. पान उलटले. मग आणखी एक उलटले.

“‘त्या देशात सूर्य पाहुण्यासारखा येत असे, अंगातला कोट न काढता,’” त्याने मोठ्याने वाचले. “हे वाक्य कुणाचं? तिचं की तुझं?”

“वाक्य तिचं. शब्द माझा.”

“चांगलं वाक्य आहे,” ह्याल्मार म्हणाला. मग पुस्तक मिटून त्याने टेबलावर ठेवले, वृत्तपत्रावर, नेमके त्याच्या लेखावर. “तुला सुचला कसा?”

ओद्नीला तो दिवस चांगला आठवत होता. फेब्रुवारी होता, अडीच महिन्यांनी सूर्य समोरच्या डोंगरावरून पहिल्यांदा स्वयंपाकघरात आला होता. ह्याल्मार टेबलाशी बसून फोनवर एका नवख्या कवीशी बोलत होता. फार गोड बोलत होता. तुमच्या कवितांत काहीतरी आहे, लिहीत राहा, असे सांगत होता, आणि त्या कवितांचे बाड त्याच्या पायाशी रद्दीच्या टोपलीत पडलेले होते. सूर्य त्याच्या तोंडावर होता. तिने हाताशी आले ते पाकीट उलटे केले होते.

“डोंगरावरून,” ती म्हणाली.

“मी इथेच बसले होते तेव्हा,” स्टेनुन क्लेना चावत म्हणाली. “डोंगराकडे पाहत नव्हती ती.”

ओद्नीने सासूकडे पाहिले. सासूने कॉफीकडे पाहिले. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, सासू-सुनाही. तीस वर्षांत दोघींची तशी फारशी मैत्रीही नव्हती, पण भांडणही कधी झाले नव्हते.

ह्याल्मारला ते कळले की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून समजले नाही. त्याचे लक्ष दुसरीकडे होते. “त्या शेवटच्या भागाचं काय ठरलं?” त्याने विचारले. “आतलं पान आजच पाठवायचं होतं ना?”

“चार वाजेपर्यंत. तिने पुन्हा विचारलंय.”

तिने म्हणजे प्रकाशनाच्या संपादक बाईने. आठवा भाग शेवटचा, तो नाताळच्या पुस्तकांत येणार होता, आणि बाईचे म्हणणे होते, की निदान या भागावर तरी पूर्ण नाव घाला. ते पत्र तीन आठवडे उत्तराविना पडून होते. तीन आठवडे ओद्नी सकाळी ठरवी की घालावे आणि दुपारी ठरवी की नको.

“हे बघ,” ह्याल्मार म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “मी तुला कधी अडवलेलं नाही. पण आता, याच वर्षी, तू पूर्ण नाव घातलंस तर काय होईल विचार कर. नोव्हेंबरात पुस्तकांची यादी घरोघरी जाते. ओद्नी ग्रीम्सदोत्तिर. सगळ्या गावाला कळेल, की ह्याल्मारचा हजार वर्षांचा शब्द त्याच्याच स्वयंपाकघरात तयार झाला आणि त्याला पत्ता नव्हता. कुंडात मी बसू शकणार नाही.”

“दुसऱ्या कुंडात बस,” स्टेनुन म्हणाली. “तिथे पाणी जास्त गरम असतं.”

“आई, जरा थांब. ओद्नी, मी पेपरला खुलासा लिहितो. शब्द अलीकडचा आहे, अनुवादकाने केलेला आहे, असं स्वच्छ लिहितो. ओ. ग. यांनी केलेला. आणि नाव आपण डॅनिश कादंबरीसाठी राखून ठेवू. ठरलंच आहे ना आपलं. ते तुझं खरं काम.”

ओद्नीने हात पुसले. डॅनिश कादंबरीवर तिचा राग नव्हता. तिसरा खंडही ती करणारच होती, कुणी छापो न छापो. पण ‘राखून ठेवू’ हे ऐकताना तिला नाताळासाठी जपून ठेवलेल्या टेबलक्लॉथची आठवण झाली. तिच्या आईकडे तसा एक होता. कुणीही पाहुणा त्याच्या लायकीचा निघाला नाही, आणि शेवटी कपाट रिकामे करताना घडीवर पिवळी रेघ पडलेला तो तिच्याच हाती आला.

“त्या मुलीने आणखी काय म्हटलं?” तिने विचारले.

“कुठल्या मुलीने?”

“कुंडातल्या.”

ह्याल्मारने जरा आठवले. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. “म्हणाली, ओ. ग. आजोबांनी केलेले शब्द आम्ही वर्गात वहीत लिहून काढतो. तिच्या वहीत साठ आहेत.”

“एकसष्ट असायला हवेत,” ओद्नी म्हणाली. “एक सापडला नसेल तिला.”

ती टेबलाशी आली, चौथा भाग उचलला आणि तो खालच्या फळीवर न नेता खिडकीत, स्टेनुनच्या भिंगाशेजारी ठेवला. बटाट्यांना उकळी आली होती. तिने आच कमी केली.

“दोन्ही पुस्तकांना मी पहाटे पाचलाच उठले,” ती म्हणाली. “खरं काम आणि दुसरं काम असं मला उठताना कधी कळलं नाही.”

“म्हणजे?” ह्याल्मारने विचारले.

“म्हणजे आठव्या भागावर पूर्ण नाव जाणार, बापाच्या नावासकट. आधीचे सात पुन्हा छापतील तेव्हा त्यांच्यावरही. खुलासा तू लिही, पण त्यात ओ. ग. नको, ओद्नी ग्रीम्सदोत्तिर लिही, माझी बायको असंही लिही. मी आत्ता संपादक बाईला कळवते. वीस मिनिटांनी बटाटे उतरवा.”