इंग्लंडच्या खेड्यातला खोडा

इंग्लंडमध्ये मी सव्वा तास कैदेत होतो, आणि गुन्हा म्हणाल तर फोटोची हौस.

आमची मृणाल लग्नानंतर तिकडच्या एका छोट्या खेड्यात राहते. मी आणि शैला इंदूरहून पोहोचलो, त्याच आठवड्यात गावचा 'वारसा दिन' होता. चर्चसमोरच्या हिरवळीवर जुना लाकडी खोडा मांडला होता. दोन फळ्या, मधे भोकं. पूर्वी गुन्हेगारांचे पाय त्यात अडकवत.

"बाबा, कशाला हात लावू नका हं!" मृणालनं बजावलं.

मी हात कुठे लावला? पाय घातले!

"शैला, फोटो घे," म्हणतोय तोच वरची फळी धाडकन खाली आली आणि गंजकी कडी जी बसली, ती बसलीच.

"अहो, निघा आता. चहा थंड होतोय."

"निघत नाहीये ना यार!"

वारसा समितीच्या अध्यक्षीणबाई धावत आल्या. (मला वाटलं, माझ्या काळजीनं.) त्यांनी आधी लाकूड तपासलं!

"खोडा तीनशे वर्षांचा आहे म्हणतायत," मृणालनं मराठीत सांगितलं.

"मीही सदुसष्ट वर्षांचा आहे! करवत मागव."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. (होत्याच, पण आणखी!) कापायचं तर कौन्सिलची परवानगी हवी. सहा आठवडे लागतील!

"सहा?" शैला किंचाळली. "व्हिसा तीनच आठवडे उरलाय!"

तोवर गर्दी जमली. लोकांना वाटलं, मी कार्यक्रमातलाच. एका आजोबांनी शेजारची पाटी वाचून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय लिहिलंय गं?"

मृणाल रडकुंडीला आली होती. नव्या गावात बापानं ही शोभा केलेली! "इथे दारुडे आणि रिकामटेकडे बसवत, बाबा."

"चला," शैला म्हणाली, "दुसरं तरी बरोबर आहे!"

बाई कौन्सिलला फोन लावत असताना शैला खाली वाकली. "अहो, बूट काढून बघितलेत का?"

सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बँकेत पस्तीस वर्षं साहेबकी केलेल्या मीसुद्धा! तिनं बूट-मोजे उतरवले, पर्समधलं खोबरेल चोपडलं, दोन हिसके दिले आणि मी मोकळा! टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्याशी हात मिळवला, खोडा पुसून झाल्यावर.

इंदूरला परतल्यावर पोहे खाताना बडा गणपती भागात राहणाऱ्या मित्रानं विचारलं, "क्यों भिया, उधर हेरिटेज-वेरिटेज देखी की नी?"

मी तोंड उघडण्याआधीच शैला म्हणाली, "यांनी कुठली बघायला? हेरिटेज बघायला आलेले लोकच यांना बघून गेले!"