बंद लाइनीवर आलेला फोन

मी महाडच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. अमावस्या, दृष्ट, उतारे... यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात त्यांचं कारण शोधत बसते, आणि बहुतेक वेळा ते सापडतं. म्हणूनच स्वतःचा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली असावीत. जे घडलं तेवढंच लिहिते.

२००८-०९ च्या सुमाराची गोष्ट. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. माझे यजमान जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत बरीच वर्षं पोलादपूर तालुक्यात होते, उमरठ आणि आसपासच्या वाड्यांमध्ये अडलेल्या गाई सोडवायला डोंगर चढून जायचे. नंतर लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी खालच्या खोलीत जनावरांच्या औषधांचं दुकान काढलं. कंपन्यांना ऑर्डरी पाठवायला ब्रॉडबँड घेतलं. गल्लीत पुराचं पाणी शिरतं, म्हणून कॉम्प्युटर, लँडलाइन आणि राउटर हे सगळं वरच्या खोलीत. राउटर म्हणजे हिरवे दिवे लुकलुकणारी एक छोटी पेटी. ती बसवून गेल्यापासून कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. चालतंय ना, मग झालं!

त्या फेब्रुवारीत हे पुण्याला धाकट्या दिरांकडे, प्रकाशभाऊजींकडे गेले होते. छातीत अधूनमधून दुखायचं, म्हणून भाऊजींनी जबरदस्तीनं तपासणीला नेलं. संध्याकाळी भाऊजींचा माझ्या मोबाइलवर फोन आला. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले होते, डॉक्टर घरी सोडायला तयार नव्हते, बायपास लगेच करायची होती. पैसे आमच्या खात्यात होते, पण दुसऱ्या दिवसापासून बँकांचा संप. भाऊजींचं खातं त्याच बँकेत होतं, त्यामुळे ते म्हणाले, वहिनी, इंटरनेटवरून माझ्या खात्यात टाका, मी इथे कार्डानं भरतो. आणि उद्या संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही निघा.

नेटबँकिंग हेच बघायचे. मी यांच्या मागे उभी राहून दोन-चारदा पाहिलं होतं, तेवढंच. आयडी, पासवर्ड, कार्डाचा पिन हे सगळं यांनी एका डायरीत लिहून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा कळवली, बॅग भरली आणि दुपारी जेवण न करताच वर जाऊन बसले. बँकेची साइट उघडली. तोच लोगो, तोच निळा रंग. एका पानावर सगळे रकाने होते — युजर आयडी, पासवर्ड, व्यवहाराचा वेगळा पासवर्ड, डेबिट कार्डाचा नंबर, त्याचा पिन. वर लिहिलं होतं की आपल्या सुरक्षेसाठी ही माहिती एकदा भरणं आवश्यक आहे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बँक किती काळजी घेते असंच वाटलं.

मी आयडी टाकला आणि शेजारचा फोन वाजला.

पलीकडे एक म्हातारी बाई होती. आवाज खणखणीत, आपल्या डोंगरातला.

"कोन, डाक्टरीनबाय का?"

मी हो म्हटलं. वाटलं, कोणाची तरी म्हैस आजारी असेल. मी सांगितलं, डॉक्टर घरी नाहीत, पुण्याला गेलेत.

"ठावं हाय. ती लायटीची पेटी हाय ना तुमच्याकडं, ती बंद कर."

मला काही कळेना. कोण बोलतंय, म्हणून विचारलं.

"आधी बंद कर गो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी वैतागले. वाटलं, राँग नंबर, नाहीतर कोणीतरी टाइमपास करतंय. पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले, दोन्ही पासवर्ड टाकले. मग यांच्या कपाटातून कार्ड काढलं आणि नंबर बघून बघून टाइप करू लागले. पिनपर्यंत आले. खालचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

फोन पुन्हा वाजला. तीच बाई.

"आजून चालूच हाय ती," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, हट्टी लेकराला समजावावं तशी बोलत होती. "डाक्टरांचं काय वाईट व्हायचं नाय. येतील घरी. पन ती पेटी तेवढी बंद कर, माझं आयक."

माझ्या अंगावर काटा आला. यांच्या आजारपणाचं मी महाडमध्ये कोणालाही सांगितलेलं नव्हतं. शाळेतसुद्धा फक्त घरचं काम आहे म्हटलं होतं. आणि ती पेटी... माझं लक्ष राउटरकडे गेलं. दिवे नेहमीसारखेच लुकलुकत होते. मी विचार वगैरे काही केला नाही. उठले आणि त्याचा प्लग सॉकेटमधून ओढून काढला. दिवे गेले.

रिसीव्हर अजून हातातच होता. मी हॅलो, हॅलो केलं, पलीकडून काही नाही. ठेवून पुन्हा उचलला, तर डायल टोन नाही. खरखरसुद्धा नाही. मेलेला फोन.

मी स्वतःलाच रागावले. नवरा तिकडे हॉस्पिटलमध्ये आणि मी इथे कोणाच्या तरी सांगण्यावरून इंटरनेट बंद करून बसले होते! पण राउटर परत लावायला काही हात होईना. शेवटी कार्ड आणि डायरी पर्समध्ये टाकली आणि बाजारपेठेत पटवर्धनांच्या ऑफिसात गेले. पटवर्धन कर सल्लागार, यांचे जुने मित्र. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट होतं. मी फक्त एवढंच सांगितलं की आमचं नेट बंद पडलंय.

त्यांनी साइट उघडून दिली आणि मी बघतच राहिले. दोनच रकाने. युजर आयडी आणि पासवर्ड. मी विचारलं, कार्डाचा नंबर कुठे टाकायचा? पिन?

पटवर्धनांनी चष्मा काढला. "पिन? वहिनी, बँक पिन कधीच विचारत नाही. कुठे विचारला तुम्हाला?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. बटण दाबलं का, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. नाही म्हटल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. आधी त्यांनी मला दोन्ही पासवर्ड बदलायला लावले, मग भाऊजींच्या खात्यात पैसे पाठवले. थोड्या वेळानं भाऊजींचा फोन आला, पैसे पोचले. मला तिथेच, पटवर्धनांच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर रडू कोसळलं.

संध्याकाळच्या एसटीनं वरंध घाटातून पुण्याला गेले. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुकानाचा — लशींचा फ्रीज चालू आहे ना? तेव्हा माझा जीव खऱ्या अर्थानं भांड्यात पडला.

हे घरी आल्यावर माझा मावसभाऊ नीलेश भेटायला आला. तो पुण्यात नेटवर्किंगच्या कामात आहे. मी त्याला साइटचं सांगितलं, फोनचं नाही. त्यानं राउटर स्वतःच्या लॅपटॉपला जोडून आत पाहिलं आणि थोड्याच वेळात मला हाक मारली. त्यानं सांगितलं ते माझ्या शब्दांत असं : आपण बँकेचं नाव टाइप करतो तेव्हा राउटर एका ठरलेल्या ठिकाणी विचारतो की या नावाचा पत्ता काय. आमच्या राउटरमधलं ते विचारायचं ठिकाणच कोणीतरी बाहेरून बदललेलं होतं. म्हणजे नाव बरोबर टाकलं तरी आपण जाणार भामट्याच्या दारात.

मी विचारलं, पण पासवर्ड असतो ना राउटरला? तो म्हणाला, "ताई, या मॉडेलमध्ये पासवर्ड न टाकताच आत शिरता येत होतं. फर्मवेअरमध्येच भोक होतं." फर्मवेअर म्हणजे पेटीच्या आत भरलेला प्रोग्रॅम. बनवणाऱ्यांनी दुरुस्त केलेला प्रोग्रॅम साइटवर ठेवलाही होता, पण तो घ्यायचा असतो हे आमच्यासारख्या घरांना आणि छोट्या दुकानांना कोण सांगणार? त्यानं नवा प्रोग्रॅम टाकला, बाहेरून आत यायची वाट बंद केली. तुमचं नशीब म्हणून वाचलात, म्हणाला.

इथपर्यंत सगळ्याला कारण आहे. गणितासारखं, पायरी पायरीनं.

मग मी त्याला फोनचं सांगितलं. तो हसला नाही. आमच्या फोनला आलेल्या कॉलचे नंबर साठवायची सोय होती, ती त्यानं तपासली. त्या दिवशीचा एकही कॉल नव्हता. पोलादपूरला राहणाऱ्या माझ्या नणंदेनं, सुमनताईंनी, नंतर सांगितलं की भाऊजींकडून कळल्यावर आदल्या रात्रीपासून त्या आमच्या लँडलाइनवर फोन लावत होत्या आणि तो लागतच नव्हता. मी तक्रार केल्यावर लाइनमन आला होता, तोही खांबावरून उतरून म्हणाला होता, "मॅडम, एक वायरच तुटल्याली. घंटी वाजायची नाय हिच्यावर." मी विचारलं, मग इंटरनेट कसं चालू होतं? तर म्हणाला, ते कधी कधी एका वायरवर रखडत चालतं. नीलेशनंही ते खरं असल्याचं सांगितलं. पण तसल्या लाइनीवर फोन वाजणं, कोणी बोलणं... ते होऊ शकत नाही, असं तोही म्हणाला. मी विचारलं, राउटरमधून कोणी आवाज पाठवला असेल? तो म्हणाला, आपला फोन राउटरला जोडलेलाच नाही. आणि लुटायला बसलेला माणूस कशाला सांगेल, बंद कर म्हणून?

मी खूप डोकं चालवलं. आजारपणाची बातमी सुमनताईंकडून डोंगरात पोचली असेल, हे मी मान्य करते. पण त्या म्हणतात, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. समजा सांगितलं असलं, तरी राउटरचं काय? उमरठच्या बाजूच्या एखाद्या म्हातारीला कसं कळावं की माझ्या कपाटावरच्या पेटीत काय चाललंय?

यांना मी बरेच दिवसांनी सांगितलं, टाके सुकल्यावर. ऐकून आवाज कसा होता, कसं बोलली, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी विचारलं, ओळखीची वाटते का?

"तिकडच्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच बोलतात," ते म्हणाले. "कितीजणींच्या गोठ्यात बसून चहा प्यायलोय मी. कोण म्हणून सांगू?"

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं एकदा त्या बाजूला जाऊनही आलो. हे चार घरी बसले, लोकांनी तब्येतीची चौकशी केली, एका घरातून फणस दिला. फोन केलेली बाई काही सापडली नाही. कोणाच्या घरी विचारायचं, हेच कळत नव्हतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कारण मला अजून सापडलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सापडलं तर कळवा, मी मोकळ्या मनानं वाचीन. पण खरं सांगायचं तर आता मी ते शोधत नाही. हे लिहितेय तेव्हा खाली दुकानात यांचा आवाज चढलाय, कोणीतरी शेळीला माणसाच्या गोळ्या दिल्या म्हणून. मी ऐकतेय. बरं वाटतंय.