घागर नक्को म्हणते

अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, आमच्या घराण्यातील एक घागर, एक पाटा आणि एक जातं गेल्या महिन्यात औरंगाबाद मुक्कामी पोरकी झाली. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी... वहिनी गेल्या. हैदराबादेत, अंबरपेठेतल्या आमच्या जुन्या घरी तार हातात पडली तेव्हा पहिला विचार आला तो हा, की आता या मंडळींच्या वतीनं बोलणार कोण?

वहिनींच्या संसारात भांड्याकुंड्यांनाही मन होतं. हात दुखला की त्या म्हणत, पाट्याला आज कसकस आहे. गावातच कोठी मोहल्ल्यात माहेरी जायचं असलं की चपला दारापाशी कुरकुरायच्या. स्वतःसाठी दादाकडे काही मागणं त्यांना जमलंच नाही. ही भाषा घरात मला एकट्याला येई. मग मी पाट्याचा घोगरा आवाज काढून दादाकडे लेप मागे, दादा हसून आणून देई, आणि वहिनी पदराआड हसत. झकास चाललं होतं आमचं तिघांचं नाटक.

मग हैदराबाद राज्य मोडलं. दादाच्या कचेरीनं लेखी विचारलं, इथेच राहता की मुंबई राज्यात जाता? औरंगाबादेत दादाला बढतीची आशा होती. इकडे कोठीत वहिनींची आंधळी आई एकटी. वहिनी रोज दुपारी तिला भाकरी भरवून येत. लेकीच्या सासरी येऊन राहणं म्हातारीला मरेपर्यंत मान्य नव्हतं.

दादा अर्ज भरायला बसला तशा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"घागर नक्को म्हणते. तिकडचं पाणी तिला सोसायचं नाही."

दादा रकाने भरत राहिला.

"दारही येत नाही म्हणतंय. चौकटीतून काढलं तर ते दार कसलं?"

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कळलं होतं... पण नाटक्या माणूस मी. घागरीच्या आवाजात मी सरकारदरबारी बदली रद्द करण्याचा विनंतीअर्ज वाचला, हुंदक्यांसकट. दादा पोट धरून हसला आणि हसता हसता सही करून मोकळा झाला. वहिनीही हसल्या.

वहिनींची आई त्याच हिवाळ्यात गेली. वहिनी कोठीला पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर औरंगाबादच्या त्या घरात एकही भांडं बोललं नाही. काही विचारलं की वहिनी म्हणत, बरं आहे सगळं.

वहिनींच्या तेराव्याला पाहुण्यांनी आग्रह केला, म्हणून मी घागरीचा तो अर्ज पुन्हा वठवला. पंगत खदखदून हसली. दादाचा हात मात्र पानावरच थांबला. माझ्याकडे बघत तो भर पंगतीत बोलून गेला,

"तुला कळलं होतं... मग मला हसवलंस कशाला रे?"