दुसरी खेप

पुढच्या खर्चाला माझ्या आतोबांइतका घाबरणारा माणूस कर्जत-खालापूरच्या मुलखात दुसरा झाला नसेल. लग्नाला निघाले तरी पिशवीत चपलांचा जादा जोड आणि परतीच्या टांग्याचे पैसे वेगळ्या पुरचुंडीत. आत्या म्हणायची, "अहो, आपण लग्नाला चाललोय की दरोड्याला?"

कर्जतच्या विमा कचेरीत ते हेडक्लार्क. मला तिथं त्यांनीच चिकटवलं. वर्षअखेरीला न मिटलेल्या दाव्यांचे पैसे राखून ठेवायचे असत. आतोबा त्यावर दावा मिटवायचा खर्चही धरत: बैलगाडी, तपासनिसाचा मुक्काम आणि घरी कोणी भेटलं नाही तर दुसरी खेप. "अरे, पैसे द्यायला जावं लागतं, तसं नाही म्हणायलाही जावंच लागतं," म्हणत, आणि आकडा मांडून झाला की छातीवर हात ठेवून बसत. लढाईच्या दिवसांत एका वर्षी ते तापाने पडले आणि ते काम माझ्याकडे आलं. मला साहेबांची मर्जी हवी होती. मी दुसरी खेप सगळीकडून काढून टाकली.

त्या दाव्यांत खालापूरकडच्या एका विधवा बाईंची जळालेली भातगिरणी होती. तपासनीस गेला तेव्हा बाई माहेरी होत्या. 'पाहणी होईतो कशाला हात लावू नका' असा निरोप ठेवून तो परतला. पुन्हा जायला पैसे नव्हते.

आतोबा बरे होऊन आले, कागद पाहिला आणि मला घेऊन पदरच्या पैशाने निघाले. वाटभर त्यांचा जीव खालीवर. "बाईंनी सगळं उपसून टाकलं असेल तर? पाहणी कशाची करायची?" मला भीती वेगळीच होती: उपसलं नसेल तर?

नव्हतंच उपसलं. जळके खांब, पट्टे, काळं पडलेलं भात, सगळं जिथल्या तिथं. भरडाईचा हंगाम उलटून गेला होता. बाई दारातच बसलेल्या. "कोंबडीबी आत जाऊ दिली नाय, दादा. तुमचा मानूस सांगून गेलता. पुन्ना येनार कदी, ते नाय सांगितलं."

पाहणी झाली. आतोबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, "आता हात लावा, बाई," म्हणाले आणि पहिली जळकी फळी स्वतःच उचलली. दावा पुढे मंजूर झाला. गेलेला हंगाम मात्र विम्यात नव्हता.

परतताना त्यांनी विचारलं, "दुसरी खेप कोणी रे काढली?"

"साहेबांनी," मी म्हणालो.

"असेल. त्यांनाही वर जाब द्यावा लागतो." एवढंच म्हणून ते माझ्या सदऱ्यावरची राख झटकू लागले.

त्यांना कळलं होतं का, हे विचारायला मी नंतर कितीदा तरी त्यांच्या घरी गेलो. दर वेळी चहा घेऊन परत आलो.