हाक मारली की उमटणारी बॉर्डर

उधन्यातल्या उखा लूमवाल्याची उज्ज्वला म्हणजे अंगात वारं शिरलेली पोरगी! चंद्रकांतसरांच्या रिंगरोडवरच्या कॉम्प्युटर ऑफिसात कामाला होती टायपिंगच्या, आणि डोळा होता प्रोग्रामरच्या खुर्चीवर. अठ्ठ्याण्णव साली जावा ही प्रोग्रामची भाषा नवीनच आलेली. सरांचं त्यावरचं जाडजूड पुस्तक हिनं घरी नेऊन फस्त केलं, साडीची डिझाइनं स्क्रीनवर काढणारा प्रोग्राम लिहिला आणि साडीवाल्या शेठला छातीठोक सांगून बसली, "नवीन डिझाइनची फाइल नुसती टाका, नाव टाइप करा, झालं! प्रोग्रामला हात लावायचं काम नाही."

सर म्हणाले, "चाललं तर खुर्ची तुझी. नाही तर मुकाट्यानं टायपिंग."

शेठ आले. उज्ज्वलानं सकाळीच लिहिलेल्या वेलबॉर्डरचं नाव टाकलं, आणि एरर! असा कन्स्ट्रक्टरच नाही म्हणे.

"माय व!" तिनं कपाळावर हात मारला आणि लगेच खुदकन हसलीच. हसणार नाही तर काय? क्लास म्हणजे डिझाइनचा साचा, आणि कन्स्ट्रक्टर त्यातून डिझाइन घडवणार. रुंदी आणि रंग सांगितल्याशिवाय बॉर्डर बनता कामा नये, हा हट्ट शेठचाच. म्हणून कन्स्ट्रक्टर हिनंच तसा कडक लिहिलेला. आणि प्रोग्राम त्याला बोलवायला गेला रिकाम्या हातानं!

"शेठ, चहा घ्या तोवर." हिची बोटं सुसाट सुटली. पुस्तकात रिफ्लेक्शन नावाची एक युक्ती होती. आता प्रोग्राम आधी क्लासलाच विचारणार, बाबा रे, तुला घडवायला काय काय लागतं? मग तेवढंच माणसाकडून मागणार.

वेलबॉर्डर उमटली! पण सर भारी खट. त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली. "ही बुट्टी मी लिहिलीय. आत काय आहे ते सांगणार नाही. प्रोग्राम बंद न करता चालव."

उज्ज्वलाचा जीव टांगणीला लागला. फाइल टाकली, नाव टाइप केलं. स्क्रीननं आपणहून विचारलं, तीन आकडे द्या. सरांनी गुपचूप दिले, आणि स्क्रीनभर बुट्ट्याच बुट्ट्या!

"हुई गये व माय, हुई गये!" पोरगी शेठसमोर गरागरा नाचली.

"वाह बेन, एकदम सरस!" शेठही टाळ्या पिटू लागले. "चालो, ऑर्डर पक्की. कागद बनावो."

ती सवयीनं टायपिंगच्या टेबलाकडे धावली. पाहते तर तिथं सर बसलेले, एका बोटानं अक्षरं शोधत.

"सर, द्या ना, मी करते पटकन."

"तू नाही," सर मान वर न करता म्हणाले. "तू तिकडं बस. तुझ्या खुर्चीवर."